आमच्या मैदानाला दहापैकी दोन!

आमच्या वस्तीच्या मैदानाला माझ्या बारा वर्षांच्या मुलीने दहापैकी दोन गुण दिले. त्यातला एक गुण गेटला कुलूप नाही म्हणून आणि दुसरा कोपऱ्यातल्या पिंपळाच्या सावलीचा. बाकी सगळा भोपळा! तिची ती वही मंडळाच्या बैठकीत मी स्वतःच कौतुकाने नेली होती. पोरीने महिनाभर उन्हातान्हात फिरून चोवीस मैदाने पाहिली, अभ्यासिकेसाठी पैसे जमवले, तेव्हा चार माणसांनी तिची पाठ थोपटावी एवढाच हेतू. पण कुणीतरी वही हातात घेतली आणि आपल्याच मैदानाचे पान मोठ्याने वाचले. नंतर जी शांतता पसरली तशी मी निकालाच्या दिवशी कोर्टातही क्वचितच अनुभवली आहे. मंडळाचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगी तुमची, पण वकिली कुणाची करते?"

झाले ते असे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी आणि पोरांनाही सुट्टी. एरवी आम्ही गावी जातो. यंदा आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याने गाव रद्द झाले. त्यात कल्याणहून माझ्या भावाची दहा वर्षांची मुलगी राहायला आली. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नाही, ती व्हीलचेअरवर फिरते. माझी मुलगी, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा मुलगा आणि ही पुतणी, अशी तीन मुले दोन खोल्यांत. तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटवरून रक्तपात व्हायची वेळ आली. मुलांची आई रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळी करून आलेली. ती म्हणाली, "यांना घेऊन बाहेर जा. रोज एक मैदान बघा, त्याला गुण द्या. एका मैदानामागे मी अभ्यासिकेला वीस रुपये देते. पण मला झोपू द्या!"

आमच्या विहारामागची अभ्यासिका वाचकांनी पाहिलेली नसेल, पण तशी अभ्यासिका पाहिलेली असेल. पत्र्याचे छप्पर, वीस-बावीस मुले, स्पर्धा परीक्षेची झिजलेली पुस्तके आणि एक पंखा, तोही मान टाकलेला. मुलांनी ही कल्पना उचलून धरली. मावशी, आत्या, मामा, बाररूममधले माझे स्नेही, सगळ्यांना फोन झाले. पंचवीस जण वीस-वीस रुपयांना तयार झाले. म्हणजे एका मैदानाचे पाचशे रुपये. एका स्नेह्यांनी विचारले, "यात पोरांचे कष्ट काय? खेळायचेच तर आहे." त्यांना मी म्हणालो, एकदा बरोबर या. ते आले नाहीत. पैसे मात्र वेळेवर दिले.

पहिल्या दिवशी गुणांची विभागणी अशी ठरली: झोपाळे तीन, घसरगुंडी तीन, सावली दोन, पाणी दोन. मुलांच्या दृष्टीने अगदी रास्त. परंतु चौथ्या मैदानापर्यंत ही घटना बदलावी लागली, आणि ती बदलायला लावली पुतणीने. तिला तोवर एकाही मैदानात स्वतःहून शिरता आले नव्हते!

दुचाकी आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून आपल्याकडे मैदानांना नागमोडी पाइपांचे गेट लावतात. माणसाने अंग चोरून आत जायचे. त्यातून व्हीलचेअर जात नाही, जोडमुलांची बाबागाडी जात नाही, काठी टेकत चालणारी आजीही अडकते. शेजारी मोठे फाटक असते, त्याला कुलूप असते आणि किल्ली "साहेबांकडे" असते. हे साहेब कोण, ते मला महिनाभरात कळले नाही. पहिल्या तीन मैदानांवर मी पुतणीला उचलून आत नेले आणि खुर्ची कुंपणावरून पलीकडे टाकली. चौथ्या ठिकाणी ती म्हणाली, "काका, मला उचलू नका. मी बाहेरूनच गुण देते. शून्य." त्या रात्री तिघांनी बसून नवी विभागणी केली. गेटला चार, सावलीला दोन, पाणी आणि संडास मिळून दोन, खेळण्यांना दोन. "गेटला एवढे?" मी विचारले. मुलगी म्हणाली, "पप्पा, आतच जाता आले नाही तर झोपाळा किती चांगला आहे ते कशाला बघायचे?"

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाविषयी आहे, कलम ३० क्रीडेविषयी आहे. हे मला पाठ आहे. पाइपांच्या गेटपुढे त्या पाठांतराचा उपयोग झाला नाही.

गेट ओलांडले तरी वेळेचे गेट असते. बऱ्याच मैदानांवर आणि उद्यानांत सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास आणि दुपारभर कुलूप. मे महिन्याच्या सुट्टीत पोरे घरात तापतात ती नेमकी दुपारी. कुलूप नसते तिथे स्टीलची घसरगुंडी असते. अकरा वाजता माझा मुलगा तिच्यावरून घसरला आणि मांडीला हात लावून उड्या मारत आला. त्याच्या मांडीवर दोन दिवस लाल पट्टा होता. घसरगुंडी झाडाखाली लावायची की उघड्यावर, एवढा विचार करायला खर्च येत नाही. पण खेळणी ठेकेदार लावतो, झाडे दुसरे खाते लावते आणि घसरतो तो तिसराच!

सगळ्यांत जास्त वेळ मुले रमली ती एका दुरुस्तीखालच्या मैदानात. तिथे काँक्रीटसाठी आणलेला रेतीचा ढीग पडला होता. झोपाळे काढून ठेवले होते, घसरगुंडी आडवी पडली होती. पुतणी खुर्चीतून खाली उतरून रेतीत बसली आणि तिघांनी मिळून दीड तासात एक धरण, दोन बोगदे आणि एक कोर्ट बांधले. मुलाने ढिगाला दहापैकी दहा दिले. मुलीने ते खोडले, कारण ढीग उद्या जाणार. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे १९४३ साली, म्हणजे महायुद्धाच्या काळात, सोरेनसेन नावाच्या वास्तुकाराच्या कल्पनेतून टाकाऊ लाकडे आणि विटांचे मैदान मुलांना खुले केले गेले होते. त्याने पाहिले होते की आखीवरेखीव मैदानापेक्षा मुले टाकाऊ सामानात जास्त रमतात. आपल्या वस्तीतल्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. त्यांना टाकाऊ सामानाशिवाय दुसरे काही दिलेलेच नसते, हा भाग वेगळा.

आता त्या मैदानाविषयी, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. नाव देत नाही. उंच इमारतींच्या मधोमध हिरवेगार गवत, रबराची जमीन, फवारा. बाहेर कोपऱ्यात, झाडाच्या आड, महापालिकेची पाटी: सार्वजनिक मैदान. गेटवर स्टूल टाकून सुरक्षारक्षक. आम्हाला पाहून तो उठला आणि मुलाला विचारले, "किधर रहते हो?" पोराने वस्तीचे नाव सांगितले, अगदी अभिमानाने. "ये सोसायटी का है. बाहर का अलाऊ नहीं."

त्या माणसावर माझा राग नाही. तोही कुठलेतरी गाव सोडून आलेला, बारा तासांच्या ड्युटीवर उभा. त्याने कुणीतरी सांगितलेले वाक्य म्हटले. मी मोबाइलवर डी.पी. रिमार्क काढून दाखवला. आवाज थोडा चढवला, वकील असल्याचे सांगितले. त्याने फोन लावला. वीस मिनिटांनी कुणी एक गृहस्थ खाली आले, माझ्याकडे न पाहता "जाने दो" म्हणाले. आम्ही आत गेलो. मुले खेळली नाहीत. तिघेही कडेच्या बाकावर जाऊन बसली, मुलगा पाय हलवत राहिला. दहा मिनिटांनी "चला" म्हणाली. वहीत मुलीने लिहिले: "गेट, चारपैकी एक. पप्पा भांडले म्हणून उघडले. ज्यांचे पप्पा वकील नाहीत त्यांनी काय करायचे?"

वाचकहो, कोर्टात न्यायमूर्तींनी विचारलेल्या प्रश्नाने माझी एवढी तारांबळ कधी उडाली नव्हती. या प्रश्नाला आपल्या चळवळीचा मोठा इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली, राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे कागदावर मान्यही केले. तरीही बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याच ओळीत सार्वजनिक वापराच्या जागा आल्या, ज्या राज्याच्या पैशातून राखल्या जातात किंवा सर्व लोकांसाठी म्हणून दिलेल्या असतात. मैदान यातच येते. त्या सुरक्षारक्षकाने आम्हाला जात विचारली नाही हे खरे. त्याने पत्ता विचारला. आमच्या शहरात पत्त्यावरून बाकीचे कळते.

खेळाच्या हक्काची कागदपत्रे आपल्याकडे भरपूर आहेत. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. त्याच्या अनुच्छेद ३१ मध्ये विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे, आणि भारताने तो करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांकडे सोपवायची कामे म्हणून नमूद आहेत. माझ्या अशिलांना मी नेहमी सांगतो, हक्क परिशिष्टात असतो आणि किल्ली साहेबांकडे.

तरीही कायद्याची एक बाजू आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण मैदान जाते ते एका रात्रीत जात नाही. विकास आराखड्यात जागेवर मैदानाचे आरक्षण पडते. जागा खासगी मालकीची असेल तर ती ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे कुणी मोर्चा काढत नाही, बुलडोझर येत नाही, फाइल नुसती पडून राहते आणि मैदान मरते! म्हणून आपल्या भागाचा डी.पी. रिमार्क काढा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कधी आली, पुढे काय केले, हे तीन प्रश्न विचारा.

जागा ताब्यात असली तरी ती दुसऱ्याला देण्याचा मोह सुटत नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली. रुग्णालय म्हणजे चांगलेच काम की! पण रहिवासी कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात ते वाटप बेकायदा ठरवले. लखनौत झंडेवाला पार्कखाली बाजारसंकुल बांधले गेले. १९९९ साली एम. आय. बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पाडून पार्क पूर्ववत करायला सांगितले. हे दोन्ही निवाडे मी नोटिशींत कित्येकदा वापरले आहेत. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, माझ्याच विरुद्ध.

मुंबईत याहून अवघड प्रश्न आहे. आरक्षित मोकळ्या जागेवर झोपडपट्टी असेल तर काय? २०१८ पासून लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत अशा मोठ्या भूखंडांवर पुनर्वसन करून किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची तरतूद आहे. २००२ पासून चाललेल्या याचिकेत २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. पर्यावरणवादी मंडळींना वाईट वाटले. मला काय वाटले? माझे बालपण अशाच आरक्षित जागेवरच्या झोपडीत गेले. आम्ही मैदान चोरले नव्हते, आम्हाला या शहराने दुसरी जागा दिली नव्हती. त्यामुळे घर विरुद्ध मैदान असा सामना लावून, त्यात गरिबाचे घर हरले की टाळ्या वाजवायच्या, हे मला कधीच पटले नाही. जिमखाने आणि क्लबांची हिरवळ नकाशात हिरवीच दिसते, तिला कुणी हात लावत नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते ३५ टक्के कुठे सोडले जातात हे मी काही नकाशांत पाहिले आहे. नाल्याच्या कडेला, पट्टीसारखे, विक्रीच्या इमारतीच्या पाठीमागे. बावीस मजल्यांवर दीड-दीडशे पोरे आणि खाली आठ फुटांची पट्टी. पुनर्वसनाच्या सभेत आपण चौरस फुटांवर तासन्‌तास भांडतो. मोकळी जागा नकाशात कुठे आहे, तिचे गेट कोणत्या रस्त्यावर उघडते, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही विचारले नव्हते.

चांगलीही मैदाने पाहिली, नाही असे नाही. सर्वांत जास्त गुण, आठ, शिवाजी पार्कला. चैत्यभूमीवर वंदन करून आम्ही तिथे गेलो. १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले झाले. त्याच्याभोवती कट्टा आहे आणि आत शिरायला माणसाला अंग चोरावे लागत नाही. एका कोपऱ्यात क्रिकेट, एकीकडे फुटबॉल, कट्ट्यावर म्हातारी माणसे. दरवर्षी ६ डिसेंबरला इथे पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हा आपण येतो, पण पोरांना खेळायला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच आणले होते. पुतणीने स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत एक लांबलचक फेरी मारली. कुणी तिला काही विचारले नाही.

नंतर चर्नी रोडचे उद्यान. तिथे मला मुद्दाम जायचे होते. विद्यार्थी भीमराव या बागेत वाचत बसत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत एवढ्या माणसांत वाचणार कसे? विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी याच बागेत येत. त्यांची नजर या मुलावर पडली, ओळख वाढली आणि मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. मी बाकावर बसून ही गोष्ट रंगवून सांगितली. एरवी माझ्या गोष्टींना जांभया देणारी मुले ऐकत होती. संपल्यावर धाकटा म्हणाला, "पप्पा, त्यांना वॉचमनने विचारले नाही का, किधर रहते हो?"

नाही विचारले, बाळा. विचारले असते तर काय झाले असते याची कल्पना मला करवत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, ती मुलीने पकडली. एका रविवारी संध्याकाळी तिने खेळणाऱ्या मुली मोजायला सुरुवात केली. लहानग्या झोपाळ्यावर होत्या. तिच्या वयाच्या आणि पुढच्या मुली पायऱ्यांवर बसून भावाची बॅग सांभाळत होत्या. सगळे मैदान क्रिकेटने व्यापलेले. संडास जवळजवळ कुठेच नाही, जिथे आहे तिथे कुलूप. मुलगे भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. मुली घरी जातात आणि मग येतच नाहीत. "मी पण पुढच्या वर्षी येणार नाही बहुतेक," ती सहज म्हणाली. मी महाविद्यालयांत स्त्री-पुरुष समतेवर व्याख्याने देतो. त्यात हा मुद्दा कधी आला नव्हता.

चोविसावे मैदान आमचे. घरापासून दोन मिनिटांवर, म्हणून शेवटी ठेवलेले. आधी वाटले होते, आपले मैदान पहिले येणार. इथे कुणी पत्ता विचारत नाही, पाइपांचे गेट नाही. पण फाटकातच सात-आठ दुचाकी लावलेल्या. पुतणीची खुर्ची अडली. दुचाक्यांचे मालक सगळे आपलेच, जय भीम घालणारे. त्यांना हाक मारून दोन गाड्या बाजूला घेतल्या. आत गेलो तर जयंतीच्या मंडपासाठी एप्रिलमध्ये खणलेले खड्डे तसेच. बांबू गेले, खड्डे राहिले. चेंडूमागे धावताना मुलगा थांबला आणि खाली बसला. मंडपाचा खिळा चपलेतून टाचेत गेला होता. रात्रपाळीवर निघालेल्या आईने त्याला बरोबर नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. जाताना ती मला एवढेच म्हणाली, "दरवर्षी जयंतीनंतर मी वस्तीतल्या चार-पाच पोरांच्या टाचा बांधते. तुमच्या मंडळाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हते. आणि मैदानाच्या उत्तरेची ती पक्की खोली, जिच्या सावलीत दुचाकी उभ्या राहतात? मंडळाचे साहित्य ठेवण्यासाठी ती बांधली. चार वर्षांपूर्वी त्यासाठीचा अर्ज लिहिला गेला तेव्हा त्याचा मसुदा माझा होता. विकास आराखड्यात जागेवर क्रीडांगणाचे आरक्षण आहे हे मला ठाऊक होते. मी अर्जात "तात्पुरत्या स्वरूपाची" असा शब्द घातला. असे शब्द घालण्याचेच मला पैसे मिळतात. बंगळूरचा निवाडा बिल्डरला लागू होतो आणि आपल्याला होत नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. काम चांगले असले तरी मैदान मैदानच राहिले पाहिजे, हेच तर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला सांगितले होते.

आता परत त्या बैठकीकडे. शांतता मोडली ती गरमागरम. एक तरुण म्हणाला, जयंती मैदानात करायची नाही तर काय टॉवरवाल्यांच्या बागेत करायची? त्याचे बरोबर होते. वर्षातले काही दिवस सगळी वस्ती एकत्र येते ती इथेच, दुसरी जागा कुठे आहे? दुसऱ्याने मला सुनावले, वकीलसाहेब घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणतात. मग महिला मंडळाच्या ताई उठल्या. त्यांनी भाषण केले नाही. त्यांनी आपल्या नातवाची टाच सगळ्यांना दाखवली आणि विचारले, "ही कुठल्या मनुवाद्याने केली?" काहीजण हसले, काहीजणांनी माना खाली घातल्या. अर्ध्या तासाच्या भांडणानंतर दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या वर्षी खड्डे न खणता ड्रममध्ये रेती भरून त्यात खांब उभे करायचे. दुचाकी फाटकातून हलवायच्या. खोलीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. माझ्या अनुभवाप्रमाणे तो तिथून त्याच्या पुढच्या बैठकीवर जाईल. मी मात्र मसुदा माझा होता हे इतिवृत्तात लिहून घेतले आहे.

पैशांवरून घरी वेगळेच भांडण. बारा हजार जमले होते. मुलीचे म्हणणे, अर्धे मैदानाला द्या. मी तिला समजावले की देणगी ज्या कारणासाठी मागितली त्याच कारणासाठी खर्च करायची, हा विश्वस्त कायद्याचा साधा नियम आहे. अभ्यासिकेला दोन पंखे आले, उरलेल्या पैशांची पुस्तके आली. ती म्हणाली, "ठीक आहे, मग मैदानासाठी वेगळे जमवते." मला वाटले पुन्हा पंचवीस जणांना फोन होणार.

तसे झाले नाही. रस्त्यावर दोरीला लोहचुंबक बांधून ओढत जाणारी भंगारवाली पोरे तिने पाहिली होती. विहारासमोरच्या भंगारवाल्याकडून तिने जुन्या स्पीकरमधली चुंबके मागून आणली. पुतणीच्या व्हीलचेअरच्या मागे तीन दोऱ्या बांधल्या, दोरीला चुंबके. दोन रविवार वस्तीतली पोरे आळीपाळीने ती खुर्ची मैदानभर ढकलत होती, पुतणी बसून रस्ता सांगत होती. खिळे, तारा, टाचण्या, बाटल्यांची बुचे, एक तुटकी कात्री. तीन किलो दोनशे ग्रॅम भरले. काट्यावर घालण्याआधी मुलांनी ते वर्तमानपत्रावर पसरून मंडळाच्या खोलीच्या पायरीवर ठेवले, एक अख्खा दिवस. येणारा-जाणारा पाहत होता, बोलत कुणी नव्हते.

भंगारवाल्याचा हिशेब शहाण्णव रुपयांचा झाला, त्याने शंभराची नोट दिली. वहीच्या शेवटच्या पानावर "मैदान फंड" असे लिहून ती जमा धरली आहे. गुण मात्र अजून दोनच आहेत. फाटकातल्या दुचाकी हलल्या की गेटचे वाढवून देते, असे लेकीचे म्हणणे. आठापैकी पाच हलल्या. उरलेल्या तीनपैकी एक माझ्या सख्ख्या चुलतभावाची आहे, आणि तो मला सध्या रस्त्यात टाळतो.